बसलेला थवा बसू द्या

डिसेंबर उजाडला की भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या उजनीकाठच्या गावांत रविवारी पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. नांदूर मध्यमेश्वरला तेच, जायकवाडीला तेच, इकडे ऐरोली आणि शिवडीच्या खाडीलाही तेच. शाळेच्या सहली येतात, नवा कॅमेरा घेतलेली मुलं येतात, नातवंडांचा हात धरून आजी-आजोबा येतात. पक्षी बघायला इतकी माणसं घराबाहेर पडतात याचा मला मनापासून आनंद आहे. या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. पाण्यावर, चिखलात किंवा वाळूत बसलेला थवा मुद्दाम उडवू नका, आणि तुमच्यासमोर दुसरा कोणी उडवत असेल तर त्यालाही थांबवा.

काय चालतं ते काठावर उभं राहिलं की दिसतं. होडी रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, थव्याच्या रोखाने सरळ सुटते. मोटर शेवटपर्यंत चालू असते. जवळ गेल्यावर कोणी टाळ्या वाजवतं, कोणी शिट्टी मारतं. सगळे मोबाईल वर होतात. शेकडो पक्षी एकदम धावत सुटतात, उठतात, पंखांखालचा लाल आणि काळा रंग उलगडतो, आणि पंधरा-वीस सेकंदांची चित्रफीत तयार होते. होडी वळते. थवा लांब जाऊन टेकतो, माना खाली घालून खायला लागतो, तोवर पुढची होडी येते. सुट्टीच्या दिवशी सकाळभर हे चालतं, आणि प्रत्येक होडीतल्या माणसांना वाटतं की आपण एकदाच तर उडवले.

रोहिताला उडणं सोपं नाही. एवढे लांब पाय, एवढी लांब मान. त्याला आधी पाण्यातून काही पावलं धावावं लागतं, तेव्हा कुठे पंख हवा धरतात. चांदव्यांचंही तसंच, पाण्यावर पाय आपटत बरंच अंतर पळाल्याशिवाय ते वर येत नाहीत. पक्ष्याच्या आयुष्यातलं सर्वांत खर्चिक काम म्हणजे उड्डाण, आणि त्यातही उठण्याचा क्षण सर्वांत महाग. तो खर्च भरून काढायचा तर परत खावं लागतं, आणि खायला शांत वेळ लागतो. आपण उडवतो तेव्हा खर्च वाढतो आणि वेळही जातो.

आता हे पक्षी आलेत कुठून ते पाहा. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला करडा हंस, तिबेट, लडाख, मंगोलियातल्या उंच तलावांकाठी घरटी करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. त्याच्या पाठीवर यंत्र बसवून घेतलेल्या नोंदींत तो सात हजार मीटरच्याही वर उडालेला आढळला आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू पकडून ठेवतं. तलवार बदकं सायबेरियातून येतात. छोटा टिलवा आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मतो. त्याचं वजन वीस ते तीस ग्रॅम, आणि तो उजनीच्या चिखलात किंवा ठाण्याच्या खाडीत आपला हिवाळा काढतो. एवढी वाट तुडवून हे जीव इथे येतात ते खाण्यासाठी आणि विश्रांतीसाठी. त्यांचं दुसरं काही काम इथे नाही. घरटं नाही, पिल्लं नाहीत. चार महिने पोट भरायचं, अंगावर चरबी चढवायची आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघायचं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा ऊन चढू लागतं आणि आपल्याला वाटतं की आता हंगाम संपतच आला, तेव्हा त्यांना सर्वांत जास्त खावं लागतं. परतीच्या प्रवासाचं इंधन त्याच दिवसांत भरलं जातं.

बदकांबद्दल आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. हिवाळ्यात अनेक जातींची बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. आपण सकाळी दहा वाजता जो थवा नुसताच तरंगताना पाहतो, तो कंटाळून बसलेला नसतो. तो झोपलेला असतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा दर अर्ध्या तासाने दार वाजवून उठवावं, तसं आपण त्यांना उठवतो. बदक झोपतं तेही पुरतं नाही. थव्याच्या कडेला असलेली बदकं मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून, बाहेरच्या बाजूचा एक डोळा उघडा ठेवून झोपतात, हे अभ्यासकांनी तपासून पाहिलं आहे. मधली बदकं दोन्ही डोळे मिटतात. एवढी मोठी टोळी करून राहण्याचं एक मोठं कारण हेच आहे: पहारा वाटून घेता येतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी जास्त झोप, थोडा जास्त चारा येतो.

यावर कोणी म्हणतं, बहिरी ससाणाही थवा उडवतोच की, दलदली भोवत्याही उडवतो. खरं आहे. ससाणा झडप घालतो तेव्हा पाण्यावरचं सगळं आभाळात जातं. पण तो भुकेपुरतं करतो, आणि एक पक्षी मिळाला की दिवसाचा बराच भाग झाडावर बसून राहतो. तो धोका पक्ष्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. आपण सुट्टीच्या दिवशी तास न् तास, ओळीने, एकामागून एक येतो, आणि आपल्याला त्यांच्यापासून काही नकोही असतं. एका चित्रफितीसाठी एवढा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचा, हे मला पटत नाही.

मग किती जवळ जायचं? मीटरमध्ये उत्तर देता येत नाही. मोठा पक्षी लवकर बिचकतो, छोटा उशिरा. जिथे चोरून शिकार होते तिथले थवे फार लांबूनच उठतात, जिथे माणसांची सवय आहे तिथले थोडं जवळ येऊ देतात. पण अंतर पक्षी स्वतः सांगतात. निवांत थव्यात काही माना पाठीवर टेकलेल्या असतात, काही जण एका पायावर उभे असतात, बाकीचे खात असतात. तुमच्यामुळे बेचैन झाले की पहिली खूण म्हणजे माना वर येतात. मग खाणं थांबतं. मग विखुरलेले पक्षी एकमेकांकडे सरकतात, सगळ्यांची तोंडं एका दिशेला होतात, आवाज वाढतो, आणि ते तुमच्यापासून लांब चालू किंवा पोहू लागतात. त्यानंतरची पायरी उड्डाणाची. पहिल्याच खुणेला थांबा. थांबल्यावर थोड्या वेळात माना खाली गेल्या तर तिथेच बसून बघा. नाही गेल्या तर मागे या. एवढं पाळलं तर कुठल्याही पाणवठ्यावर चूक होणार नाही.

बाकी साध्या गोष्टी आहेत. थव्याच्या रोखाने सरळ जाऊ नका, तिरकं जा. मोटर लांबच बंद करा आणि वल्ह्यावर किंवा बांबूवर पुढे सरका. होडीत उभं राहू नका. सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे जवळ न जाताही रंग दिसतात. ड्रोन आणूच नका. वरून येणारी वस्तू पक्ष्याला शिकारी वाटते आणि सबंध तलाव रिकामा होतो. दुर्बीण मात्र आणा. ८×४२ ची साधी दुर्बीण घरात एक असली तरी चौघांना पुरते, आणि ती डोळ्याला लावली की जवळ जाण्याची निम्मी ओढ आपोआप कमी होते.

बसलेल्या थव्यात काय बघायचं, असं विचारणारे भेटतात. उडालेला थवा एक मोठं दृश्य असतं हे मान्य, पण त्यात पक्षी दिसत नाही. बसलेल्या थव्यात तो दिसतो. थापट्या बदकांकडे पाहा. त्यांची चोच पुढे रुंद, चमच्यासारखी. ती टोळीने एकमेकांच्या मागे गोल गोल पोहतात, पाणी ढवळून तळातलं वर आणतात आणि चोचीतून गाळून घेतात. उचाट्या आपली वर वळलेली चोच पाण्यातून डावीकडून उजवीकडे फिरवतो. मालगुजा मात्र सरळ लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. रोहित डोकं उलटं करून खातो, म्हणजे त्याची वरची चोच खाली येते. त्याच थव्यात गुलाबी नसलेले, मळकट करडे पक्षी दिसले तर ती पिल्लं; गुलाबी रंग खाण्यातून यायला त्यांना काही वर्षं लागतात. हंगामाच्या शेवटी शेवटी रोहितांचा नाच दिसतो. दाटीवाटीने उभे राहून ते माना ताठ करतात, डोकी झपझप दोन्हीकडे वळवतात, अचानक पंख उघडून मिटतात, आणि सगळा घोळका एका दिशेला पावलं टाकत जातो, मग एकदम वळतो. ही जोड्या जमण्याची तयारी असते. ज्याने थवा उडवला त्याला हे कधीच दिसत नाही.

पट्टकादंबांच्या थव्यात डोक्यावर पट्टे नसलेले पक्षी शोधा. ती त्या वर्षीची पिल्लं. हंसांचं कुटुंब पहिला हिवाळा एकत्र काढतं, आई-बाप पिल्लांना वाट दाखवत इथवर आणतात. हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या शेतात चरणाऱ्या घोळक्यात दोन पट्टेवाले आणि त्यांच्याभोवती दोन-तीन बिनपट्ट्यांचे असे दिसले की एक घर ओळखलं असं समजा. एखाद्याच्या मानेत रंगीत पट्टा आणि त्यावर अक्षरं दिसली तर रंग आणि अक्षरं टिपून ठेवा. मंगोलियात असे पट्टे घातलेले हंस दक्षिण भारतात सापडले आहेत, आणि ते सापडले कारण कोणीतरी लांबून, शांतपणे, दुर्बिणीतून अक्षरं वाचली.

थव्याचं उडणं बघायचंच असेल, तर ते रोज फुकट बघायला मिळतं, फक्त पक्ष्यांच्या वेळेला. पहाटे रात्रीचा चारा संपवून बदकं परततात. दिवस मावळताना शराट्यांच्या, बगळ्यांच्या रांगा डोक्यावरून जातात. आणि भोरड्या! पळसमैना म्हणा, भोरड्या म्हणा. मध्य आशियातून त्या पावसाळ्यातच यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. सोलापूर, बारामती, नगरच्या जोंधळ्याच्या पट्ट्यात संध्याकाळी उसाच्या फडाजवळ किंवा पाणकणसाच्या बेटाजवळ उभे राहा. चारी दिशांनी छोटे थवे येतात, मिसळतात, आणि अंधार पडेपर्यंत आभाळात तो काळा पडदा दुमडतो, ताणतो, फाटतो, जुळतो. कोणीही त्यांना उडवलेलं नसतं. भोरडीच्या युरोपातल्या भावंडांचे असेच थवे रोमच्या आकाशात जमतात. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्यांची छायाचित्रं घेऊन २००८ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक पक्षी फक्त आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष देतो. कोणी म्होरक्या नसतो. त्या गटातले जॉर्जो पारिसी यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

भोरड्यांचा विषय निघाला म्हणून शेतकऱ्याबद्दल स्पष्ट बोलतो. जोंधळा हुरड्यात आला की भोरड्या त्यावर पडतात, आणि माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा, पत्र्याचा डबा वाजवणारा माणूस आपल्या घासाची राखण करत असतो. माझी विनंती त्याला नाही. त्याला मी एवढंच सांगेन की जाळी लावू नका, विष ठेवू नका. हाच पक्षी शेतातले टोळ आणि नाकतोडे वेचतो, आणि पुढे पळस, पांगारा, सावर फुलली की त्या फुलांतून चोची बुडवत फिरतो. पण शहरातून गाडी घेऊन येऊन, दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून, फक्त चित्रीकरणासाठी रात्रीच्या वस्तीला टेकलेला थवा दगड मारून उठवणं याला कसलीच सबब नाही.

समुद्रकिनारी हेच वेगळ्या रूपात घडतं. अक्षी, गुहागर, गोव्यात मोरजी, अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात कुरवांचे आणि चिखल्यांचे थवे वाळूवर बसतात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की त्यांना खायला जागाच नसते, तेव्हा ते वाऱ्याकडे तोंड करून विसावतात आणि ओहोटीची वाट बघतात. त्याच वेळी लहान मुलाला सांगितलं जातं, पळ त्यांच्यातून. आई-बाबा चित्रीकरण करतात. मूल निष्पाप आहे. त्याला खाली बसवून, बोटाने दाखवून, किती आहेत मोज असं सांगितलं तर तेही तितक्याच आनंदाने करतं. कुत्रा बरोबर असेल तर साखळीला ठेवा. आणि मांडव्याच्या लाँचवरून किंवा होडीतून कुरवांना शेव, गाठ्या, वेफर्स टाकू नका. मासे आणि किडे खाणारा पक्षी आहे तो. तेलकट-खारट पदार्थ हे त्याचं अन्न नव्हे.

मोजायचं कसं हे सांगतो, कारण मोजणारा माणूस थवा उडवत नाही. त्याला तो बसलेलाच हवा असतो. आधी दहा पक्षी मोजा आणि त्या दहांनी थव्यातली किती जागा व्यापली ते नजरेत धरा. तेवढाच तुकडा पुढे सरकवत शंभर करा. मग शंभराचा तुकडा पुढे सरकवा. काठांवर दाटी कमी असते, मधे जास्त, हे ध्यानात ठेवा. दोघांनी स्वतंत्र मोजून आकडे ताडून पाहिले तर आणखी चांगलं. हे आकडे वाया जात नाहीत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि तिच्यात सामान्य माणसंच मोजतात. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते. बाकी वर्षभर ईबर्ड या संकेतस्थळावर नोंद करता येते. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिली तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, शेवटची सालिम अलींच्या. त्या आठवड्यात शिक्षकांनी मुलांना गावच्याच तळ्यावर न्यावं, दहा-दहांच्या गटांनी, शिट्ट्या न वाजवता, आणि प्रत्येक गटाकडून आकडा घ्यावा.

तळ्याकाठी पक्षी मेलेले दिसले, विशेषतः एकापेक्षा जास्त, तर हात लावू नका आणि कुत्र्या-मांजरांना जवळ जाऊ देऊ नका. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानात सांभर सरोवरावर हजारो पक्षी बॉट्युलिझम या विषबाधेने मेले. लगेच वनखात्याला किंवा पशुसंवर्धन खात्याला कळवा.

शेवटी होडीवाल्यांबद्दल. उजनीवर होड्या चालवणारे बरेचसे मूळचे मासेमार. पाणी, वारा आणि पक्षी त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळतात. रोहितांना उथळ पाणी लागतं. पाऊस भरपूर झाला की धरण जानेवारीतही तुडुंब असतं, चिखल उघडा पडत नाही, आणि रोहित उशिरा किंवा कमी येतात. मग पुण्या-मुंबईहून काही तास गाडी चालवून आलेला माणूस हिरमुसतो, आणि जो काही थोडा थवा आहे त्याच्यावर होडी घालायला सांगतो. होडीवाला नाही म्हणू शकत नाही, कारण पुढच्या होडीतला माणूस हो म्हणणार आणि गिऱ्हाईक तिकडे जाणार. जवळ नेलं तर बक्षीसही मिळतं. थवा उडतो तो त्याच्या हौसेने नाही, आपल्या पैशाने उडतो.

ते पैसे आपल्या हातात आहेत, तेव्हा ते उलट्या कामाला लावा. होडीत पाय ठेवण्याआधीच सांगा, दादा, एकही पक्षी उडवायचा नाही, लांबूनच दाखवा, वेळ लागला तरी चालेल. परतल्यावर ठरलेल्या भाड्यावर शंभर रुपये जास्त द्या, आणि हे उडवले नाहीत म्हणून दिले असं तोंडाने सांगा. मागे थांबलेल्या दुसऱ्या होडीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा.